पऱ्हाटीपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन: फॉस्फरिक आम्लाची पद्धत

कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या, उभी राहते. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायचं तर फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणं) न घेता ती वेळेवर उपटून शेताबाहेर काढावी लागते. थोडी चुलीत जाते, थोडी ब्रिकेटवाल्यांकडे, आणि उरलेली बांधावर पेटवली जाते. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, हिनं या काडीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्यावर काम केलं आहे. याच काडीतून ॲक्टिव्हेटेड कार्बनही, म्हणजे पाण्यातला रंग, वास शोषून घेणारा सच्छिद्र कोळसाही, निघतो, आणि तोही बऱ्यापैकी चांगला. तुराटी, लाकडाचा भुसा, नारळाची करवंटी यांनाही हीच रीत थोड्याफार फरकानं चालते. उसाच्या बगॅसचं, म्हणजे चोथ्याचं, उदाहरण इथे मुद्दाम घेतलेलं नाही. साखर कारखान्यात ते बॉयलरला जातं, सहवीजनिर्मितीत त्याला दाम मिळतो. त्याला कचरा म्हणणं आता खरं राहिलेलं नाही.

साधा कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन दोन्ही काळेच. फरक आतल्या छिद्रांचा. चुलीतल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये पाणी किंवा वायू टेकू शकेल असं पृष्ठफळ फार तर पाच-पन्नास चौरस मीटर असतं. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ते १००० चौरस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे जवळपास १० गुंठे. हे सगळं पृष्ठफळ छिद्रांच्या भिंतींवर असतं. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद ती सूक्ष्मछिद्रं, २ ते ५० नॅनोमीटरची ती मध्यम छिद्रं, आणि त्याहून मोठी असतात ती आत जाण्याचे रस्ते.

ही छिद्रं पाडण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत आधी कोळसा करायचा आणि मग ८०० ते १००० °से. तापमानाला त्यावर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. कार्बनचा काही भाग झडतो आणि तिथे पोकळी होते. करवंटीचा फिल्टरमधला दाणेदार कार्बन मुख्यतः असाच बनतो. दुसऱ्या रीतीत कोळसा होण्याआधीच काडीत रसायन मुरवायचं आणि मग एकदाच तापवायचं. दोन्ही रीतींची पेटंटं राफाएल फॉन ऑस्ट्रेयको यांच्या नावावर १९००-०१ च्या सुमाराची आहेत. तेव्हा दुसऱ्या रीतीत धातूंची क्लोराइडं वापरली होती. भुसा, काड्या अशा मालासाठी आज फॉस्फरिक आम्ल जास्त सोयीचं पडतं.

आम्ल आत काय करतं

पऱ्हाटीचा साधारण दोन-तृतीयांश भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजचा, पाव भाग लिग्निनचा, बाकी राख आणि इतर. काडी नुसतीच बंद भांड्यात तापवली तर यातला बराचसा कार्बन डांबर आणि धूर होऊन उडून जातो. २५ ते ३० टक्के कोळसा हाती लागतो.

आम्ल असलं की गणित बदलतं. ते सेल्युलोजमधलं हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात काढून घेतं, आणि तेही बऱ्याच कमी तापमानाला. १०० ते १५० °से. दरम्यानच माल काळा पडू लागतो. साखळ्या तुटतात, पण तुटलेले तुकडे उडून जाण्याआधी फॉस्फेटचे दुवे त्यांना एकमेकांना जोडून धरतात. त्यामुळे डांबर कमी आणि उतारा जास्त: ४० ते ५० टक्के. अग्निशामक नळकांड्यातल्या कोरड्या पावडरीत अमोनियम फॉस्फेट असतं. फॉस्फेटनं वनस्पतिजन्य माल ज्वाळा न धरता कोळपतो, हाच गुण तिथेही कामी येतो.

तापमान वाढतं तसं आम्ल स्वतःही बदलतं. रेणू एकमेकांना जुळत पायरोफॉस्फरिक आणि पुढे पॉलिफॉस्फरिक आम्लं होतात. हे जाडसर द्रव्य कार्बनच्या थरांमध्ये फुगवटा धरून बसतं. छिद्र म्हणजे हे द्रव्य बसलेली जागा. ते धुऊन काढलं की जागा रिकामी होते, तोवर नाही. म्हणून या पद्धतीत भट्टीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व आम्ल मुरवण्याला आणि धुण्याला आहे. आम्ल सगळीकडे सारखं शिरलं नसेल तर छिद्रं होत नाहीत. ते पूर्ण निघालं नसेल तर झालेली छिद्रं बुजलेली राहतात. बिघडलेल्या घाणींपैकी (घाणी म्हणजे एका वेळी केलेला माल) बहुतेकांचा दोष या दोन टोकांना सापडतो, पण शोध मात्र सगळे भट्टीच्या आकड्यात घेतात.

माल तयार करणं

पऱ्हाटीची साल धाग्याची असते. चक्कीत ती चाळणीला गुंडाळते आणि मोटर तापते. आधी काड्या १ ते २ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापाव्या, उन्हात कडकडीत वाळवाव्या, मग दळाव्या. बोंडाची टरफलं आणि राहिलेला कापूस आधीच वेचून टाकावा. मातीसाठी काड्या पाण्यानं धुऊन घ्याव्या. माती म्हणजे वाळू आणि चुना. चुना आम्लाचा काही भाग खाऊन टाकतो आणि वाळू कार्बनमध्ये राख म्हणून उरते.

चाळून ०.५ ते १ मिलिमीटरची भरड घ्यावी. मोठ्या तुकड्याच्या गाभ्यात आम्ल पोचत नाही, तिथे साधा कोळसाच होतो. फार बारीक पीठ घेतलं तर धुताना गाळणकागद चोंदतो.

भाताच्या तुसाचा प्रश्न नेहमी येतो. त्यात १५ ते २० टक्के राख, आणि ती बहुतेक सिलिका. फॉस्फरिक आम्लानं सिलिका निघत नाही, ती तशीच वजनात राहते. तुसासाठी अल्कलीची पद्धत बरी.

मापं

पुढचा हिशोब प्रयोगशाळेतल्या ५० ग्रॅम कोरड्या मालाचा आहे. कोरडा म्हणजे १०५ °से. ला वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेला. उन्हात वाळवलेल्या भरडीत १२ टक्के ओल असेल तर ५७ ग्रॅम घ्यावी लागेल.

आम्ल आणि काडी यांचं प्रमाण १.५ ला १ धरू. म्हणजे शुद्ध फॉस्फरिक आम्ल ७५ ग्रॅम हवं. बाजारात मिळतं ते ८५ टक्क्यांचं, घनता सुमारे १.६९. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये जवळपास १.४३ ग्रॅम आम्ल असतं, म्हणून ५३ मिली पुरतं. ते १६० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ओतायचं. पाणी आम्लात नाही, आम्ल पाण्यात. द्रावण ३० टक्क्यांच्या आसपासचं होतं. थेट ८५ टक्क्यांचं वापरलं तर द्रव पुरत नाही, वरची भरड भिजते आणि खालची कोरडी राहते.

या प्रमाणानं छिद्रांची जात ठरते. ०.५ च्या खाली बहुतेक सूक्ष्मछिद्रंच होतात आणि तीही कमी. १ ते १.५ ला दोन्ही जातींचा चांगला मेळ बसतो. २ च्या पुढे छिद्रं रुंदावतात, कार्बन हलका आणि भुसभुशीत होतो. रंग काढायचा तर थोडी रुंद छिद्रं बरी, कारण रंगाचे रेणू मोठे असतात. क्लोरीन किंवा वास काढायला सूक्ष्मछिद्रं.

भिजवण, वाळवण, भट्टी

भरड काचेच्या बीकरमध्ये द्रावणात कालवावी, झाकून ८० ते ८५ °से. वर दोन ते तीन तास ठेवावी, अधूनमधून ढवळावी. घाई नसेल तर रात्रभर तशीच मुरू द्यावी. मग झाकण काढून ओव्हनमध्ये १०५ ते ११० °से. ला वाळवावी. काळपट-तपकिरी, किंचित चिकट लगदा होतो. तो पूर्ण कोरडा कधीच होत नाही, आम्ल ओल धरून ठेवतं. या अवस्थेत माल कणकेसारखा मऊ असतो, म्हणून कारखान्यात भुशाच्या अशाच लगद्याच्या दाबून गोळ्या पाडता येतात. पुढे त्या दाणेदार कार्बन म्हणून टिकतात.

लगदा चिनी मातीच्या मुशीत भरावा, निम्म्यापेक्षा कमी. तापताना तो फुगतो. काठोकाठ भरलेली मूस उतू जाऊन भट्टीच्या तळाला आम्लाचा राप बसतो आणि हीटिंग कॉइल खराब होते. झाकण हवंच. नायट्रोजनची सोय असलेली नळीभट्टी असेल तर मिनिटाला १०० ते २०० मिली वायू पुरतो. गरम फॉस्फरिक आम्ल चिनी मातीलाही हळूहळू खातं; मुशीची झिलई मंद झालेली दिसली तर ती मूस काही घाण्यांनंतर बदलायची असते. साध्या लोखंडाचं भांडं वापरू नये. आम्ल लोखंड विरघळवतं आणि ते सगळं कार्बनमध्ये उतरतं.

भट्टी मिनिटाला ५ °से. नं चढवावी. १७० °से. ला अर्धा तास थांबलं तर उरलेलं पाणी शांतपणे निघून जातं. मग ४५० °से. पर्यंत न्यावी आणि तिथे एक तास ठेवावी. ४५० च्या आसपासच का? त्याच्या खाली रचना अजून पुरती पक्की झालेली नसते. ५०० च्या पुढे फॉस्फेटचे दुवे तुटू लागतात, फुगलेली रचना आकसते आणि छिद्रं मिटतात. जास्त आच म्हणजे जास्त चांगला कार्बन, हा वाफेच्या पद्धतीचा नियम इथे उलटा पडतो.

वर जाण्याला आणखी एक अटकाव आहे, तो सुरक्षेचा. ८०० °से. आणि त्यापुढे कार्बन फॉस्फेटमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि मूलद्रव्य फॉस्फरस सुटतो. तो विषारी असतो आणि हवेत आपोआप पेट घेतो. भट्टीचं नियंत्रण बिघडून तापमान सुटू शकत असेल तर ६०० वर भट्टी बंद करणारी वेगळी कळ बसवून घ्यावी. ४५० वरही आम्लाचा धुका आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतोच. भट्टी धूरखिडकीखाली (फ्यूम हूड) किंवा चिमणीला जोडलेली असावी. स्वयंपाकघरातल्या गॅसवर पत्र्याच्या डब्यात करण्याचा हा उद्योग नाही. व्हिडिओंमध्ये कोळशावर लिंबाचा रस ओतून तो ‘ॲक्टिव्हेट’ केलेला दाखवतात. त्यातून ओला कोळसा मिळतो, बाकी काही नाही.

भट्टी थंड झाल्यावर, झाकण न काढता, मूस बाहेर घ्यावी. गरम असताना झाकण उघडलं तर वरचा थर जळून करडा होतो.

आता वजन करा. हे बहुतेक जण टाळतात, पण खूप सांगून जाणारा आकडा असतो हा. ७५ ग्रॅम फॉस्फरिक आम्लातलं पाणी जाऊन मेटाफॉस्फरिक होईपर्यंत त्याचे सुमारे ६१ ग्रॅम उरतात. त्यात २२-२३ ग्रॅम कार्बन. म्हणजे मुशीत ८० ते ९० ग्रॅम माल असायला हवा. ६०-६५ भरला तर आम्ल उतू गेलं आहे किंवा कार्बन हवेत जळला आहे. १०० च्या वर भरला तर आत ओल शिल्लक आहे किंवा माल नीट शिजलेला नाही.

धुलाई

मुशीतून काळा, काचेसारखा चमकणारा कडक गोळा निघाला तर हातोडीनं फोडू नये. तो कडकपणा कार्बनचा नाही, पॉलिफॉस्फेटचा आहे. गोळा गरम पाण्यात ठेवला की सुटतो. गरम पाण्याचं कारणही हेच: पॉलिफॉस्फेट थंड पाण्यात फार हळू तुटतं. ७०-८० °से. च्या पाण्यात ते परत साधं फॉस्फरिक आम्ल होऊन बाहेर येतं. दर खेपेला अर्धा तास ढवळून मगच गाळावं.

पाणी एकदम ओतावं की वाटून? गाळून झाल्यावरही २२ ग्रॅम कार्बन साधारण ५० मिली पाणी धरून ठेवतो. प्रत्येक खेपेला ३०० मिली पाणी घातलं तर एक-सप्तमांश आम्ल आत राहतं. ७५ ग्रॅमचे पहिल्या खेपेनंतर १०.७, दुसऱ्यानंतर १.५, तिसऱ्यानंतर ०.२, चौथ्यानंतर ०.०३ ग्रॅम. हेच १२०० मिली पाणी एकदम ओतून गाळलं तर ३ ग्रॅम आत राहतं. शंभरपट फरक, आणि पाणी तेवढंच. प्रत्यक्षात अरुंद छिद्रांतून आम्ल सावकाश निघतं, म्हणून आकडा इतका सुरेख उतरत नाही. पाच-सहा खेपा धराव्या.

गाळलेल्या पाण्याचा सामू (pH) ६ च्या आसपास येईपर्यंत धुवावं. शेवटच्या खेपांना बोअरचं पाणी वापरू नये. जड पाण्यातलं कॅल्शियम, सामू चढला की, फॉस्फेटशी जुळून छिद्रांतच साका धरतं. एवढं करून मोकळी केलेली जागा आपल्याच हातानं बुजवायची, असं ते होतं. फॉस्फेट उरलं का हे पाहायला गाळलेल्या पाण्याचे काही थेंब नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेटबरोबर कोमट करावे. पिवळा साका आला तर अजून धुवा. एवढं करूनही थोडा फॉस्फरस कार्बनशी रासायनिक बांधलेला राहतो. तो धुऊन निघत नाही आणि तो दोष नव्हे.

धुतलेलं पाणी तपकिरी येत असेल तर मात्र धुण्याचा प्रश्न नाही, माल कच्चा आहे. खात्रीसाठी चिमूटभर कार्बन पातळ कॉस्टिक सोड्यात उकळून गाळावा. द्रव पिवळा-तपकिरी आला तर भट्टीचं तापमान किंवा वेळ कमी पडली. बहुधा भट्टीचा काटा ४५० दाखवत असतो, पण मुशीच्या पोटात तेवढी आच पोचलेली नसते.

११० °से. ला रात्रभर वाळवून कार्बन हवाबंद बाटलीत भरावा. उघडा राहिला तर तो खोलीतले वास आणि ओल आधी पिऊन टाकतो.

तपासणी

बाजारात कार्बन आयोडीन अंकावर विकला जातो. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, तो हा अंक. १ ग्रॅम कोरडी, बारीक पूड घ्या, ५ टक्क्यांचं १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घालून अर्धा मिनिट उकळा. चाचणीत ढवळाढवळ करणारं गंधक असेल तर ते त्यात निघून जातं. गार झाल्यावर ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) आयोडीनचं १०० मिली द्रावण घालून ३० सेकंद जोरात हलवा आणि लगेच गाळा. पहिले २०-३० मिली फेकून द्या, कारण गाळणकागदही आयोडीन धरतो. मग ५० मिली घेऊन ०.१ नॉर्मल थायोसल्फेटनं स्टार्चच्या साक्षीनं टायट्रेशन करा, म्हणजे निळा रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजा.

समजा १० मिली थायोसल्फेट लागलं. सुरुवातीचं आयोडीन १२६९ मिलिग्रॅम. उरलेलं: १० गुणिले १२.६९ गुणिले २.२, म्हणजे २७९. हे २.२ येतं ११० मिली एकूण द्रावणातले ५० मिली तपासल्यामुळे. वजाबाकी ९९०, हाच आयोडीन अंक. उरलेल्या द्रावणाची तीव्रता ०.०२ नॉर्मल असताना मिळालेला आकडाच प्रमाण धरतात, म्हणून कार्बनची तीन वेगवेगळी वजनं घेऊन आलेख काढायचा असतो. एकाच वजनावर काढलेला आकडा जाहिरातीत शोभतो.

दुसरी चाचणी मेथिलीन ब्लूची. लिटरला २५० मिलिग्रॅमच्या १०० मिली निळ्या द्रावणात ०.१ ग्रॅम कार्बन घालून काही तास हलवत ठेवा. पाणी जवळजवळ पांढरं झालं तर ग्रॅमला २५० मिलिग्रॅमच्या आसपास रंग धरला गेला. आयोडीन अंक बरा आणि मेथिलीन ब्लू वाईट असेल तर छिद्रं अरुंद आहेत, आम्लाचं प्रमाण वाढवा. दोन्ही वाईट असतील तर आधी पुन्हा धुऊन पाहा, मग भट्टीला दोष द्या.

हा कार्बन रंगाच्या सांडपाण्यासाठी, साखरेच्या किंवा औषधांच्या द्रावणांचा रंग काढण्यासाठी चांगला. पिण्याच्या पाण्यात टाकायचा असेल तर फॉस्फेट आणि जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय नको.

दुसरी रसायनं का नाहीत

झिंक क्लोराइडनं ५००-६०० °से. ला छान कार्बन होतो, पण जस्त पुरतं धुऊन निघत नाही, त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं आणि जस्ताचं सांडपाणी डोक्याला ताप. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार कोळशावर, तिप्पट-चौपट वजनानं, ७०० ते ९०० °से. ला वापरतात. त्यातून ग्रॅमला २००० चौरस मीटरच्या वरचं पृष्ठफळ मिळतं. पण त्या तापमानाला पोटॅशियम धातू तयार होऊन भट्टीच्या थंड भागात जमतो, आणि त्यावर पाणी पडलं तर पेट घेतो. हे हायड्रॉक्साइड चिनी माती आणि काचही खाऊन टाकतं. निकेलचं भांडं लागतं. सुपरकपॅसिटरच्या (वीज साठवून झटपट देणाऱ्या उपकरणाच्या) इलेक्ट्रोडसाठी हा खटाटोप परवडतो, सांडपाण्याच्या टाकीसाठी नाही.

आम्लाचा हिशोब

४५ टक्के उताऱ्यानं एक किलो कार्बनला २.२ किलो पऱ्हाटी आणि ३.३ किलो शुद्ध आम्ल लागतं. पऱ्हाटी जवळजवळ फुकट, पण आम्ल फेकून दिलं तर धंदा पहिल्याच महिन्यात बसेल. ९० टक्के आम्ल परत मिळालं तर किलोमागे ३३० ग्रॅम जातं, ९७ टक्के मिळालं तर १०० ग्रॅम. म्हणून धुण्याचं पाणी उलट्या क्रमानं फिरवतात: स्वच्छ पाणी शेवटच्या खेपेला, त्याचं गाळलेलं पाणी पुढच्या घाणीच्या आधीच्या खेपेला, असं करत पहिल्या खेपेचं पाणी सगळ्यात तीव्र होतं.

वरच्या मापानं (७५ ग्रॅम आम्ल, ३०० मिली पाणी) पहिल्या खेपेचं हे पाणी २० टक्क्यांचं, ३७५ ग्रॅम. भिजवायला ३० टक्क्यांचं हवं, म्हणजे १२५ ग्रॅम पाणी उकळून घालवायचं. जितकं जास्त पाणी धुण्यात ओताल तितकं इंधन इथे जळेल. मोठ्या भट्टीत हे काम धुराड्याच्या उष्णतेवर होतं. परत फिरवलेल्या आम्लात काडीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम घाणीगणिक साठत जातं आणि कार्बनची राख चढू लागते. तेव्हा त्यातला ठरावीक भाग बाहेर काढून तेवढं ताजं आम्ल घालावं लागतं. बाहेर काढलेला भाग नाल्यात सोडला तर खाली तळ्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते. चुन्याची निवळी घालून त्याचा कॅल्शियम फॉस्फेटचा साका करावा, गाळून वाळवावा, आणि गाळलेल्या पाण्याचा सामू ७ ते ८ दरम्यान आल्यावरच ते पुढे सोडावं.